वाचकांचे प्रश्न : स्वस्त बोटीचा खर्च

प्रश्न : मी पवनी तालुक्यातील निवृत्त शिक्षक असून आमचे गाव गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आहे. दहा अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन असलेली एक जुनी फायबरची बोट मला १ लाख ४० हजारांत मिळत आहे. तशी बोट नवी घेतल्यास ४ लाख पडतात, असे विकणारा सांगतो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला मुले-नातवंडे गावी येतात, त्यांना फिरवावे एवढाच हेतू आहे. पेट्रोलखेरीज आणखी कोणता खर्च येईल? (एक वाचक, जि. भंडारा)

उत्तर : आपण पेट्रोलचा खर्च वेगळा काढून ठेवलात, पण तोच सर्वांत सरळ आहे. दहा अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण वेगात तासाला साधारण चार लिटर पेट्रोल पिते, आणि टू-स्ट्रोक असल्याने बहुतेक इंजिनांना त्यात पन्नासास एक या प्रमाणात तेल मिसळावे लागते. वर्षाकाठी पंधरा फेऱ्या आणि प्रत्येक फेरीस दोन तास धरले, तर १२० लिटर पेट्रोल लागेल आणि लिटरला १०५ रुपयांप्रमाणे त्याचे १२,६०० रुपये होतील.

खरा खर्च बोट उभी असताना होतो, आणि आपल्याकडे ती बहुतेक वर्ष उभीच राहणार आहे. बोट सांभाळण्याचा वार्षिक खर्च नव्या किमतीच्या दहा टक्के धरावा, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. येथे ‘नव्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण आपण बोट निम्म्याहून कमी भावात घेतली म्हणून तिचा पंखा किंवा कार्बोरेटर निम्म्या भावात मिळत नाही. ४ लाखांवर ४० हजार धरून त्यात पेट्रोल मिळवले, तर एका फेरीस सुमारे साडेतीन हजार रुपये पडतात. (नवी बोट घेण्याचा विचार मनात असेल, तर मौजेच्या जलयानांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ ऐवजी ४० टक्के झाला आहे, हेही ध्यानात असावे.)

गोड्या पाण्यात खाऱ्या पाण्यासारखा गंज चढत नाही, हे आपले भाग्य. मात्र गोसीखुर्दच्या पाण्याचा त्रास वेगळा आहे. नाग नदीतून कन्हानमार्गे येणाऱ्या नागपूरच्या सांडपाण्यावर तेथे जलपर्णी माजते. ती इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या छिद्रांवर बसली की थंड पाणी आत जात नाही आणि इंजिन काही मिनिटांतच तापते. गाळामुळे पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर झिजतो, म्हणून तो दरवर्षी उघडून पाहावा आणि त्याच वेळी गिअर ऑइलही बदलावे. बुडीत क्षेत्रातील झाडांची खोडे पाण्याखाली असतात, त्यामुळे पंख्याची सुरक्षा-पिन (पंखा आदळल्यास हीच आधी तुटते) आणि ती बसवण्याची पकड नेहमी बोटीत ठेवावी.

उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की बोट काठावर ओढून घ्यावी लागते. मे महिन्याच्या उन्हात फायबरचा वरचा थर पांढरा पडतो आणि त्याला बारीक तडे जातात. नुसती ताडपत्री पुरत नाही. माझ्या एका ताडपत्रीची तर उंदरांनी पहिल्याच हंगामात चाळण केली. आपल्याकडे तणस ठेवायची टिनाची पडवी असेल, तर बोट तिच्यात उलटी ठेवावी. त्यापूर्वी टाकी रिकामी करावी, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते, ते महिनोन्महिने पडून राहिल्यास त्यातील पाणी तळाशी बसते आणि कार्बोरेटर चोंदतो. बहुतेक जुनी इंजिने वापराने नव्हे, अशा पडून राहण्याने बिघडतात, असे माझे मत आहे.

कागदपत्रांचेही पाहावे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ प्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या जलयानास नोंदणी, सर्वेक्षण आणि विमा लागतो. विकणाऱ्याच्या नावे नोंदणी नसेल, तर १ लाख ४० हजारांचा भाव स्वस्त म्हणता येणार नाही. जलाशयात बोट उतरवण्याची परवानगी जलसंपदा विभागाकडे आधीच विचारावी आणि लाइफ जॅकेट माणशी एक घ्यावे. नातवंडांसाठी ती त्यांच्या मापाची हवीत, मोठ्यांच्या जॅकेटमधून लहान मूल खाली सरकते.

मुले केवळ मंडईपुरती येणार असतील, तर मी ही बोट घेणार नाही.

प्रश्न : इंजिनाऐवजी वल्ह्याचा लाकडी डोंगा घेतला तर? (एक वाचक, अर्जुनी मोरगाव)

उत्तर : खर्च फारच कमी येईल, दरवर्षी डांबर आणि फटी बुजवण्याची मजुरी, एवढाच. फक्त उन्हाळ्यात तो काठावर वाळू देऊ नये, लाकूड तडकते. ढीवर (मासेमार) मंडळी डोंगा पाण्यात बुडवून ठेवतात, तसाच ठेवावा. तलाव ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव असेल आणि मासेमारी संस्थेच्या ठेक्यात असेल, तर त्या संस्थेशी आधी बोलून घ्यावे. जॅकेट मात्र येथेही लागतेच.