सर्व्होची वायर कुठून कापावी?

प्रश्न : माझ्या १:१० आरसी कारमध्ये (रिमोटवर चालणारी छोटी गाडी) स्टिअरिंग सर्व्होपासून, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरपासून, रिमोटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर जेमतेम ८ सेंमीवर आहे, वायर मात्र ३० सेंमीची. वेटोळं बांधून ठेवलं की ते ड्राइव्ह शाफ्टला घासतं. मधेच कापून सोल्डर केली तर चालेल का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : मधे कापू नका. सोल्डर वायरच्या बारीक तारांत झिरपतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि धक्के बसून वायर नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. सर्व्हो उघडून आतून कापणंही टाळा. वॉटरप्रूफ सर्व्होचं सील एकदा हललं की पावसाळ्यात पाणी आत जातं. कापायची ती कनेक्टरच्या बाजूने.

वायर जिथून जाणार तिथून दोरा टाकून मोजा आणि ३ सेंमी जास्त धरा. पिन बिघडली तर पुन्हा कापायला तेवढी लागते. रंगांचा क्रम टिपून ठेवा : काळी किंवा तपकिरी निगेटिव्ह, मधली लाल पॉझिटिव्ह, पांढरी, पिवळी किंवा नारिंगी सिग्नल. कनेक्टरवरची प्लॅस्टिकची जीभ सुईने किंचित उचलून वायर मागे ओढली की पिन निघते. मग मोजलेल्या लांबीवर वायर कापा आणि टोकाला नवी पिन बसवा.

खरं कसब पिन बसवण्यात आहे. टोक २ ते २.५ मिमीच सोला. पिनच्या पुढच्या छोट्या पाकळ्यांत फक्त तारा, मागच्या मोठ्या पाकळ्यांत इन्सुलेशन. जास्त सोललं तर सगळा ताण तारांवर येतो. कमी सोललं तर पुढच्या पाकळ्या इन्सुलेशनवरच आवळल्या जातात आणि गाडी धावताना स्टिअरिंग मधेच सुटतं. साध्या पक्कडीने पाकळ्या चपट्या होऊन पिन खणात जात नाही, रॅचेटची क्रिंपिंग पक्कडच (पाकळ्या नीट आवळणारी) घ्या. २.५४ मिमी पिचची (दोन पिनांमधलं अंतर) तीन खणांची हाउसिंग, म्हणजे कनेक्टरचं प्लॅस्टिकचं कवच, आणि फीमेल पिना (ज्यांत समोरची पिन शिरते) पुण्यातल्या तपकीर गल्लीत मागा. पिना १०-१५ जास्त घ्या, हात बसेपर्यंत काही वाया जातातच. पिन आत ‘टक’ करून अडकली पाहिजे, हलकं ओढून बघा. बॅटरी जोडण्याआधी क्रम पुन्हा तपासा. लाल-काळीची अदलाबदल झाली तर सर्व्होचा बोर्ड जळू शकतो.

प्रश्न : रिसीव्हरची अँटेनाही लांब वाटते. तीही कापू का?

उत्तर : अजिबात नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरमध्ये टोकाचा सुमारे ३१ मिमीचा उघडा भाग हीच खरी अँटेना, म्हणजे पाव तरंगलांबी. तो कापला की रेंज घटते. ते टोक प्लॅस्टिकच्या नळीतून सरळ उभं ठेवा, कार्बन फायबरपासून आणि मोटरच्या वायरींपासून लांब.