'मानवरहित' प्रवासी विमान? मग प्रवासी कोण?

प्रश्न असा आलाय: पायलट नसलेल्या प्रवासी विमानाला 'मानवरहित' म्हणावं की 'स्वयंचलित', आणि असं विमान सुरक्षित असेल का?

'मानवरहित' आधी बाद करा. आत माणसं बसलीत आणि विमान मानवरहित? ड्रोनच्या बातम्यांतला शब्द उचलून जिथे तिथे चिकटवतात, त्याचा वैताग येतो. 'स्वयंचलित'ही अपुरा. अमेरिकन वैमानिक लॉरेन्स स्पेरीने १९१४ साली पॅरिसजवळ हात वर करून ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप स्थिर ठेवणारी यंत्रणा, दाखवला, तेव्हाही वैमानिक विमानात होताच. 'वैमानिकरहित' चालेल, मात्र जैन ग्रंथांतले 'वैमानिक' हे विमानात राहणारे देव आहेत, विमान हाकणारे नव्हेत.

पण खरी गंमत 'विमान' शब्दातच आहे. 'वि म्हणजे पक्षी, मान म्हणजे सारखं, म्हणून पक्ष्यासारखं ते विमान' असं छातीठोकपणे सांगणारे पंडित मला अजिबात पटत नाहीत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या हिरण्यगर्भ सूक्तात 'यो अन्तरिक्षे रजसो विमानः' असं आहे. तिथे पक्षी कुठे बसवणार? 'वि' उपसर्ग, 'मा' धातू: मोजणं, आखणं. अंतरिक्ष मोजणारा, तो विमान. आकाशयानाचा अर्थ नंतरचा, आणि माझ्या मते तो या मापण्यातूनच आला. हाकणारा या शब्दात मुळातच नाही. पुष्पकालाही सारथी नव्हता; रामाने आज्ञा केली आणि ते एकटंच कुबेराकडे परत गेलं.

सुरक्षिततेचा प्रश्नही मापनापाशीच येतो. २००९ मध्ये एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या उड्डाणात वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाने तुंबल्या, ऑटोपायलट बंद पडला, वैमानिकांनाही विमान सावरता आलं नाही. २२८ जण गेले. बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानांच्या २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ जण गेले. तिथे एकाच संवेदकाच्या (सेन्सरच्या) चुकीच्या आकड्यावर विसंबून यंत्रणा विमानाचं नाक खाली दाबत राहिली. पायलट काढायचा, तर आधी माप खोटं आहे हे ओळखणारं यंत्र हवं, आणि ओळखल्यावर काय करायचं हेही त्यालाच कळायला हवं. चीनने २०२३ मध्ये ईहँग कंपनीच्या दोन आसनी, विनापायलट यानाला प्रमाणपत्र दिलं, पण ते शहरातल्या छोट्या उड्डाणांसाठी. शेकडो प्रवाशांच्या जेटला तेवढ्यावर परवानगी मागणं मला घाईचं वाटतं.

आणि हो, शब्द: 'विनापायलट प्रवासी विमान' लिहा.