‘एन्ट्रॉपी’ म्हणजे अव्यवस्था का? आणि ‘माहिती’ कोणाला असते?

सदाशिव पेठेतल्या एका वाचकाने विचारले आहे, ‘‘एन्ट्रॉपी आणि माहिती हाच वास्तवाचा पाया आहे’ असे एका व्याख्यानात ऐकले. अव्यवस्था पाया कशी होईल? आणि माणूसच नव्हता तेव्हा माहिती कोणाला होती?’

‘अव्यवस्था’ हा प्रतिशब्द सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आमटी उतरवून ठेवली की तेलाचा तवंग वर येतो. दिसायला नीट निवड झाली, पण एकूण एन्ट्रॉपी वाढलेलीच असते! १८६५मध्ये भौतिकशास्त्रज्ञ क्लाउसियुसने हा शब्द ग्रीकवरून घडवला तो उष्णता आणि तापमानाच्या हिशेबासाठी. पुढे बोल्ट्झमनने त्यामागची मोजणी दाखवली. बाहेरून एकसारखी दिसणारी स्थिती आतून किती तऱ्हांनी जुळू शकते, ती ही मोजणी. तऱ्हा जितक्या जास्त, तितका आपल्याला न कळलेला तपशील जास्त. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या शॅननचे संदेशांविषयीचे १९४८चे सूत्रही याच घडणीचे आहे. म्हणून एन्ट्रॉपीला एन्ट्रॉपीच म्हणावे.

‘माहिती’ची अडचण जास्त खोल आहे. मराठीत माहिती कोणाला तरी असते, कोणाकडून तरी मिळते. भौतिकशास्त्रात जाणणारा लागत नाही. अनेक शक्यतांपैकी कोणती खरी ठरली याची खूण वस्तूत उमटलेली असली की झाले. ‘मला माहीत आहे’पेक्षा ‘दगडात कोरलेले आहे’ याच्या जवळचा हा अर्थ. आणि ही खूण फुकट पुसता येत नाही. लँडाउअरने १९६१मध्ये दाखवले की एक बिट, म्हणजे एका हो-नाहीएवढी माहिती, पुसताना ठरावीक किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते.

आता ‘पाया’. कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या घनफळावर नव्हे, पृष्ठाच्या क्षेत्रफळावर ठरते, हे बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या कामातून कळले. या नात्याला क्लाउसियुसचा उष्णता-तापमानाचा नियम जोडून भौतिकशास्त्रज्ञ जेकबसनने १९९५मध्ये थेट आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणे काढली. आपल्या पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, थानू पद्मनाभन (१९५७–२०२१) यांनी हाच धागा कितीतरी पुढे नेला. वायू तापतो, कारण त्याला रेणू असतात. मग अवकाशकाळालाही, म्हणजे अवकाश आणि काळ यांच्या एकत्रित विणीलाही, तापमान असेल, तर त्यालाही सूक्ष्म घटक असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो फार सुंदर वाटतो.

ते घटक मात्र अजून कोणी पाहिलेले नाहीत. तेव्हा त्या वाक्यात मी क्रियापद बदलेन. ‘पाया आहे’ नव्हे, ‘पाया असावा’.