टोपी घालून मनातलं टाइप होतं का?

प्रश्न: भाच्याच्या कॉलेजात डोक्याला तारांची टोपी घालून नुसत्या विचाराने टाइप करून दाखवलं म्हणे, मशीन खरंच मनातलं वाचतं का हो?

उत्तर: छे हो, मनातलं-बिनातलं काही नाही! फारवेल आणि डोन्चिन या संशोधकांची 1988 ची युक्ती आहे ही, स्क्रीनवर अक्षरांचा 6 बाय 6 चा तक्ता, आडव्या-उभ्या ओळी कशाही क्रमाने चमकतात आणि आपल्याला हवं ते अक्षर चमकलं की साधारण 300 मिलिसेकंदांनी मेंदू दचकल्यासारखा सिग्नल देतो, टोपीतलं ईईजी, म्हणजे डोक्यावरून मेंदूचे विद्युत सिग्नल मोजणारं यंत्र, तेवढंच पकडतं. पण सिग्नल काही मायक्रोव्होल्टचा, म्हणजे अगदीच क्षीण, पापणी लवली तरी बुडतो, म्हणून एकेका अक्षराला परत परत चमकवून सरासरी काढायची, वेग गोगलगायीचा. शिवाय शेजारची ओळ चमकली तरी लक्ष जातं नि चुकीचं अक्षर उमटतं, खरी डोकेदुखी तक्त्याच्या डिझाइनची आहे.