पेपर वैद्यकीय जर्नलला पाठवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पदव्युत्तर थिसिसवरून पेपर लिहायचा आहे. थिसिस शंभर पानांचा, जर्नलला हवेत तीन हजार शब्द. कात्री कुठून लावू?

कात्री लावूच नका, थिसिस मिटून ठेवा. आपण काय काय वाचलं हे थिसिसमध्ये परीक्षकांना दाखवायचं असतं. पेपरमध्ये एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं. तो प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याला न लागणारी टेबलं बाजूला काढा. उरलेल्या तीन-चार टेबलांवरून रिझल्ट्स लिहा, मग मेथड्स, मग डिस्कशन. ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा सारांश, सगळ्यांत शेवटी. आधी लिहून ठेवला की नंतर बदललेले आकडे त्यात जुनेच राहतात.

आकड्यांना वेळ द्या. मेथड्समध्ये १२० रुग्ण, पहिल्या टेबलात ११४, तिसऱ्यात ११२, असं असेल तर मधले कुठे गेले? फॉलो-अपला आले नाहीत, की रिपोर्ट सापडले नाहीत? जे झालं ते लिहा. रिव्ह्यूअर, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणारा तज्ज्ञ, ही बेरीज-वजाबाकी करतोच, आणि ती जुळली नाही की पुढच्या प्रत्येक ओळीकडे संशयाने बघतो. '२३ पैकी ८ रुग्ण (३४.७८ टक्के)' हेही नको. एक रुग्ण इकडचा तिकडे झाला तर टक्केवारी चाराहून जास्त अंकांनी हलते, तिथे दशांशानंतरच्या दोन आकड्यांचा थाट कशाला? पी व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता. सॉफ्टवेअर 'पी = ०.०००' दाखवतं म्हणून तसंच उतरवू नका. 'पी < ०.००१' लिहा. आणि नुसत्या पी व्हॅल्यूवर थांबू नका. फरक किती पडला आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पल्ला) काय, हे डॉक्टर वाचकाला हवं असतं.

निरीक्षणात्मक अभ्यासाला 'स्ट्रोब', रँडमाइज्ड ट्रायलला (कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं ती चाचणी) 'कन्सॉर्ट', केस रिपोर्टला 'केअर' ही पेपरमध्ये काय काय यायला हवं याची चेकलिस्ट आहे. ती पाठवायच्या आदल्या रात्री भरण्यापेक्षा लिहायला बसतानाच समोर ठेवा.

प्रश्न : विभागप्रमुखांनी परवानगी दिली, बाकी काही केलं नाही. तरी नाव घालायचा आग्रह आहे. डेटा गोळा करणाऱ्या ज्युनिअरचं नाव मात्र नको म्हणतात.

अवघड जागेचं दुखणं आहे खरं. लेखक कोणाला म्हणायचं याचे आयसीएमजेईचे (वैद्यकीय जर्नल्सच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती) चार निकष आहेत: एक, संशोधनाची आखणी, डेटा मिळवणं किंवा त्याचं विश्लेषण यांत ठोस वाटा; दोन, मसुदा लिहिणं किंवा आशयाच्या अंगाने तपासून सुधारणं; तीन, अंतिम प्रतीला संमती; आणि चार, पेपरमधल्या सगळ्या कामाची जबाबदारी घेणं. चारही हवेत. परवानगी किंवा नुसती देखरेख यात बसत नाही, तिची जागा ऋणनिर्देशात.

ज्युनिअरला पहिल्या निकषावर हक्क आहे, तर मसुदा वाचण्या-सुधारण्याची संधी द्या. ती न देता 'निकषात बसत नाही' म्हणणं ही चलाखी झाली. सरांशी भांडण्याऐवजी प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं याचा तक्ता त्यांच्यासमोर ठेवा. बरीच जर्नल्स तो मागतात. स्वतःच्या नावापुढची रिकामी चौकट बोलायचं ते बोलते.

प्रश्न : वेळ वाचावा म्हणून दोन जर्नल्सना एकदम पाठवला तर?

नको. एकाकडून नकार येईपर्यंत किंवा तुम्ही रीतसर मागे घेईपर्यंत दुसरीकडे पाठवता येत नाही. उघडकीस आलं तर दोन्हीकडून जाल.

प्रश्न : इंग्रजी सुधारायला एआय वापरलं. सांगावं लागतं का?

बऱ्याच ठिकाणी हो. जर्नलच्या सूचना बघून कुठे आणि कशासाठी वापरलं ते लिहा. एआयला लेखक म्हणून घालता येत नाही, कारण जबाबदारी घेणं त्याला शक्य नाही. त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून वाचा. अस्तित्वात नसलेले पेपर ते बिनदिक्कत रचून देतं. आणि रुग्णांची माहिती त्यात चिकटवू नका, नावं खोडली असली तरी.

प्रश्न : पेपर दोन दिवसांत परत आला, रिव्ह्यूअरपर्यंत गेलाच नाही. इतका वाईट होता का?

तसंच काही नाही. संपादकाच्या टेबलावरून परत येणाऱ्या पेपरांत चांगलेही असतात. विषय त्या जर्नलचा नसतो, एवढंच. पाठवण्याआधी त्याच जर्नलचे गेल्या दोन वर्षांतले अंक चाळा. तुमच्यासारखा एकही अभ्यास दिसला नाही तर दार चुकलंय. कव्हर लेटरमध्ये नवं काय सापडलं ते दोन वाक्यांत सांगा, 'आपल्या नामांकित जर्नलमध्ये' वगैरे आरती नको. एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा क्रमांक मेथड्समध्ये आहे ना, हेही बघा. आणि ट्रायल असेल तर तिची सार्वजनिक रजिस्ट्रीतली नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधीची हवी. ती राहून गेली असेल तर अनेक मोठी जर्नल्स पेपर घेणारच नाहीत. नोंदणी उशिरा झाल्याचं कारणासह पेपरमध्येच स्पष्ट लिहा आणि अशी ट्रायल चालते का, हे जर्नलला आधी विचारून घ्या.