सांगलीतील आमच्या तीस वर्षे जुन्या अपार्टमेंटमधील अग्निशमन यंत्रणा बंद आहे, बिल्डर हात झटकतो, जबाबदारी कोणाची?

जबाबदारी आता तुमची, म्हणजे सदनिकाधारकांची आणि सोसायटीची आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार बसवलेली यंत्रणा चालू स्थितीत ठेवणे हे मालकाचे किंवा भोगवटादाराचे कर्तव्य असून, परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे तिचे 'नमुना ब' प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत अग्निशमन विभागाला, आपल्याकडे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या विभागाला, सादर करायचे असते.

मात्र माझ्या मते कागदाआधी जिन्याखाली पाहावे. विश्रामबागेतील आमच्या इमारतीत मीटरची खोली जिन्याखालीच आहे आणि तिच्या दाराशी दुचाक्या, जुन्या गाद्या व गणपतीच्या मखराचे थर्माकोल पडलेले असे. तेथे ठिणगी पडली, तर जिना धुराड्यासारखा धूर वर ओढतो आणि खाली उतरण्याची एकमेव वाट बंद होते. अशा वेळी ज्वाळांपेक्षा धुरानेच अधिक माणसे दगावतात. शिवाय पंखे आणि ट्यूबलाइटच्या हिशेबाने टाकलेल्या वायरिंगवर आज एसी, गीझर आणि इंडक्शन शेगडी चालते, तेव्हा परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून भाराची तपासणी करून घ्यावी.

गच्चीच्या दाराचे कुलूप हा आमच्याकडचा सर्वात चिवट वाद होता. शेवटी आतून किल्लीविना उघडणारी कडी बसवली. आग विझवायच्या सिलिंडरवरील दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे तर वॉचमनही पाहू शकतो.