वहीत नसलेली नोंद

पत्र : माझ्या पतींचे वय 44 आहे. गेल्या आठ महिन्यांपासून ते रात्री झोपण्यापूर्वी गॅसचे बटण आणि दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतात. ‘मला कळतं हे वेड्यासारखं आहे, पण राहवत नाही,’ असे ते स्वतःच म्हणतात. मी अपसामान्य मानसशास्त्राचा एक अभ्यासक्रम पूर्ण केला असून त्यांच्या वागण्याची तारीखवार वही ठेवली आहे. त्यांना तिची कल्पना नाही. आजवर 140 नोंदी झाल्या आहेत. हा मंत्रचळ (तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार, ओसीडी) समजायचा, व्यक्तिमत्त्वाचा विकार समजायचा की संशयविकृती? सासूबाईंच्या कडक शिस्तीमुळे हे झाले असेल का? आनुवंशिक असेल, तर मुलीला कितपत धोका आहे? अंथरुणावर पडल्यावर ते दहा-बारा वेळा ‘बंद आहे ना?’ असे विचारतात, मी ‘हो’ म्हणते आणि मग त्यांना झोप लागते, एवढीच काय ती जमेची बाजू.
– एक अभ्यासू पत्नी

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी अडखळले. जिला तुम्ही जमेची बाजू म्हणता, ती माझ्या हिशेबी खर्चाच्या रकान्यात जाते. तुमच्या वहीत बटण आहे, कडी आहे, तारीख आणि वेळही आहे. पण रोज रात्री तुम्ही दिलेले दहा-बारा ‘हो’ तिथे नोंदलेले असतील, असे मला वाटत नाही. तसे असते, तर हे प्रश्न तुम्ही मला विचारलेच नसते.

त्या अंधारात काय घडते ते जरा सावकाश पाहू. दिवा मालवलेला असतो, त्यांना शंका येते, छातीत धडधड वाढते, ते विचारतात, तुम्ही ‘हो’ म्हणता आणि धडधड लगेच ओसरते. हे ओसरणे इतके सुखाचे असते, की विचारले म्हणून सुटलो, एवढाच धडा मन त्यातून घेते. शंका तशीच सोडून दिली असती तरीही धडधड काही वेळाने आपोआप कमी झाली असती, हे अनुभवण्याची संधी मात्र त्यांना मिळतच नाही. म्हणून चार मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा येतो. हाताने बटण चाचपणे आणि तुमच्या तोंडून ‘हो’ वदवून घेणे हे एकच कर्म आहे. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी हात तुमचा वापरला जातो.

हे तुमच्यामुळे सुरू झाले, असे मी म्हणत नाही. विकार कशाने उद्भवला आणि तो कशामुळे टिकून आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुमचा सगळा अभ्यास पहिल्यावर खर्च झाला आहे. त्याचे उत्तर कुणाच्याच बाबतीत नेमके देता येत नाही. आनुवंशिकता, मेंदूतील काही मंडलांचे (चेतापेशींच्या जोडण्यांचे) काम, स्वभाव आणि आयुष्यातले ताण यांची ती गुंतागुंत असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र तुमच्या खोलीत रोज रात्री ऐकू येते.

सासूबाईंना यातून वगळा. एखाद्याच्या मनाचे बिनसले की त्याच्या आईकडे बोट दाखवण्याची खोड अभ्यासकांनाही होती. फ्रीडा फ्रॉम-राइशमन या नामवंत मनोविश्लेषिकेने 1948 साली स्किझोफ्रेनिया ‘निर्माण करणाऱ्या’ आईची कल्पना मांडली, ती पुढे कोणत्याही पुराव्यावर टिकली नाही, पण तोवर कित्येक आयांनी तो आरोप मुकाट्याने वाहिला होता. एका अभ्यासक्रमाच्या बळावर तुम्ही त्याच वाटेने निघालात, याचा मला मनापासून राग आला.

तिसरी गोष्ट नावाची. ते तपासतात, कारण त्यांना मंत्रचळ आहे. आणि मंत्रचळ कशावरून, तर ते तपासतात म्हणून. या वर्तुळात फिरत राहण्याला स्पष्टीकरण म्हणत नाहीत. नावाने उपचाराची दिशा मिळते, हा त्याचा मोठा उपयोग आहे, पण त्याने माणूस उलगडत नाही. तरीही तुमच्या तीन पर्यायांबद्दल सांगते. मंत्रचळासारखे दिसणारे जे व्यक्तिमत्त्व असते, त्या माणसाला आपली काटेकोर वागणूक योग्यच वाटते आणि बाकीचे जग गबाळे वाटते. संशयविकृतीत माणसाला आपल्या निराधार संशयाची पक्की खात्री असते. तुमचे पती मात्र ‘वेड्यासारखं आहे’ असे स्वतःच म्हणतात आणि त्यांना छळते ती खात्री नव्हे, शंका. माझा कल कुठे झुकतो ते यावरून तुम्हाला कळेल. पण निदान पत्रावरून होत नाही, वहीवरूनही नाही. रोज तासाभराहून अधिक वेळ यात जातो का, त्याने त्रास होतो का, कामधाम अडते का, हे समोर बसून विचारावे लागते. मंत्रचळ बहुतेकांमध्ये पस्तिशीच्या आत सुरू होतो. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच उद्भवला असेल, तर शारीरिक कारणेही तपासावी लागतील. किंवा तो विशीपासून होता आणि त्यांनी लाजेपोटी लपवला. यांपैकी काय खरे, हे 140 नोंदींत सापडणार नाही, कारण तुम्ही त्यांना विचारलेलेच नाही. ज्याला पुन्हा पुन्हा तपासल्यावाचून राहवत नाही, त्याच्यावर आठ महिने चोरून तपासणी चालली आहे, यातली विसंगती तुम्हाला खटकली कशी नाही?

मुलीबद्दल थोडक्यात सांगते. आईवडिलांपैकी एकाला हा विकार असल्यास मुलांमधली शक्यता काहीशी वाढते, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही. तुम्ही घरी नसताना तीही ‘हो बाबा, बंद आहे’ म्हणू लागली आहे का, तेवढे पाहा.

आता करायचे ते एकच आहे. ती वही त्यांच्या हातात द्या आणि दोघे मिळून मनोविकारतज्ज्ञांकडे जा. तिथे पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या ‘हो’विषयी सांगा, कारण ते उपचाराच्या केंद्राशी आहे. 1966 साली लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी मंत्रचळाच्या दोन रुग्णांवरच्या उपचारांची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्णाला भीतीच्या वस्तूसमोर उभे करायचे आणि नेहमीचे कर्म करू द्यायचे नाही, असा तो उपचार होता आणि परिचारिका त्यासाठी रुग्णांसोबत थांबत असत. त्यातून वाढलेली पद्धत आज या विकारावरच्या मुख्य उपचारांपैकी एक आहे, जोडीला औषधेही देतात. तुमचे ‘हो’ कधी, किती आणि कसे कमी करायचे हे या उपचारातच, त्यांच्या संमतीने ठरेल. म्हणून हे वाचून आज रात्रीच तोंड मिटून पाठ फिरवू नका. त्यांना ती शिक्षा वाटेल.

वही देताना काय बोलावे, असे तुम्ही विचाराल. न सांगता लिहिले, हे आधी सांगा. त्याबद्दल माफी मागायची की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या जागी मी असते, तर मागितली असती.